गोमीबाईंना सुनावलेला निकाल

नेरूळच्या भाजी मार्केटात मला सगळे 'जजसाहेब' म्हणतात, पण मटार मात्र इतरांना देतात त्याच भावानं देतात. सोसायटीत पार्किंगवरून दोघांची जुंपली की तिसरा माणूस येऊन माझ्या दाराची बेल वाजवतो. म्हणतो, "काका, तुम्हीच काय तो निकाल द्या." मी कायद्याचं एकही पुस्तक उघडून पाहिलेलं नाही. मी नट आहे. टीव्हीवर न्यायाधीश होतो, आणि उभ्या आयुष्यात बहुतेक वेळा न्यायाधीशच झालो.

नाटकातून मालिकांत आलो तेव्हा वाटलं होतं, वडील मिळेल, खलनायक मिळेल, निदान एखादा प्रेमळ सासरा तरी मिळेल. पण एका मालिकेतला ठरलेला जज ऐन वेळी आजारी पडला. मला घाईघाईनं काळा कोट चढवला, गळ्याशी पांढरी पट्टी बांधली, आणि दिग्दर्शक म्हणाला, "अरे, हा तर जन्मजात जज आहे!" झालं. तिथून माझी खुर्ची ठरली ती ठरलीच. आमच्या हिचं म्हणणं असं की, माझं टक्कल आणि कपाळावरची आठी या दोघांनी मिळून आमचा संसार केला, तिचा आणि माझा त्यात फारसा वाटा नाही.

बाहेरच्या लोकांना या धंद्यातली एक गोष्ट माहीत नसते, म्हणून सांगतो. पडद्यावर तुम्हाला दिसतं की न्यायाधीश शिक्षा सुनावतो आहे आणि पिंजऱ्यात आरोपी थरथरतो आहे. प्रत्यक्षात तो आरोपी कधीच मेकअप पुसून घरी गेलेला असतो. दिवे लावायला फार वेळ लागतो. म्हणून कॅमेरा एकदा एका दिशेला तोंड करून लागला, की त्या बाजूचं सगळं उरकून घेतात. वकील, साक्षीदार, आरोपी, बाकांवरची माणसं, सगळ्यांचं झालं की त्यांना सोडून देतात. मग कॅमेरा फिरतो, दिवे फिरतात, आणि जजचे शॉट एकापाठोपाठ एक घेतात. कधी कधी तीन-चार एपिसोडचे एकदम. समोर कुणीही नसतं. एका स्टँडवर टेपची फुली चिकटवलेली असते, तो आरोपी. दुसऱ्या स्टँडवर दुसरी फुली, ती मयताची आई. एखादा असिस्टंट मोबाईलमध्ये डोकं घालून त्यांची वाक्यं सपाट आवाजात वाचतो आणि मी फुलीच्या डोळ्यांत डोळे घालून जन्मठेप देतो. या फुल्यांना मी फाशी दिली आहे, त्यांच्यावर ताशेरे ओढले आहेत, एकदा तर एका फुलीची जाहीर माफीसुद्धा मागितली आहे.

हातोड्याचीही गंमत सांगतो. आपल्याकडच्या कोर्टात न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत, हे मला एका खऱ्या वकिलानं सांगितलं. मी ते एका दिग्दर्शकाच्या कानावर घातलं. तो म्हणाला, "सर, हातोडा नाही वाजला तर पब्लिकला कळणार कसं, निकाल लागला म्हणून?" तेव्हापासून मी निमूटपणे आपटतो.

एक प्रसंग मात्र गमतीचा नाही. करावे गावातल्या एका लग्नाला गेलो होतो. तिथं एक वयस्कर गृहस्थ मला बाजूला घेऊन गेले. त्यांच्या जमिनीची केस वडिलांच्या काळापासून चालू होती. मी नको नको म्हणत असताना त्यांनी ती पहिल्यापासून सांगितली, अगदी बांधापासून. मी नट आहे हे त्यांना पटवायला मला बरेच श्रम पडले. पटल्यावर ते "असं होय" एवढंच म्हणाले आणि जेवायला गेले. त्यांचा तो पडलेला चेहरा मला बरेच दिवस छळत होता. आपण नुसता कोट घालतो, ही गोष्ट एरवी मजेची वाटायची, ती त्या दिवशी वाटली नाही.

हे सगळं सांगितल्यावर आता मूळ गोष्टीकडे येतो. ती दोनेक वर्षांपूर्वीची आहे.

एका गाजलेल्या खून खटल्यावर मालिका निघाली. नवी मुंबई अजून नवी होत होती तेव्हाचा खटला. खाडीकाठच्या एका गावातला तरुण खाडीत भराव टाकण्याविरुद्ध उभा राहिला होता. एका पहाटे गावच्या बंदरावर त्याचा खून झाला. आरोपी भरावाचा ठेकेदार, त्याच गावचा, नात्यातलाच. डोळ्यांनी पाहणारी एकच, मुलाची आई. त्या काळी वर्तमानपत्रांत रोज त्याच्याबद्दल छापून यायचं, लोक बसस्टॉपवर त्यावर वाद घालायचे. शेवटी ठेकेदार सुटला. गावाचं नाव मी लिहीत नाही, मालिकेतही ते बदललं होतं.

शूटिंग द्रोणागिरीला एका रिकाम्या गोदामात होतं. आत प्लायवूडचं कोर्ट उभं केलेलं, बाहेर कंटेनरचे ट्रेलर. ट्रेलर मागे घेताना त्याचं जे पीं पीं सुरू होतं, त्यानं आमचे कितीतरी शॉट खाल्ले. साउंडवाला डोक्याला हात लावून बसायचा. दिग्दर्शक निनाद, तिशीतला, हुशार, सतत घड्याळाच्या मागे धावणारा मुलगा. लेखिका मुक्ता त्याच्याच वयाची. तिनं खटल्याचे खरे कागद मिळवून, वाचून मालिका लिहिली होती. निर्मात्यांनी मयताच्या धाकट्या भावाची संमतीची सही घेतली होती. मुक्ताला त्यांच्या आईला भेटायचं होतं, पण भावानं सांगितलं, आई त्या विषयावर बोलत नाही.

मी ज्या दिवसाबद्दल सांगतो आहे तो निकालाचा दिवस. सकाळीच निनाद माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, निकालातला मधला पॅरा उडवलाय. लांब होतंय. 'पुराव्याअभावी आरोपी निर्दोष', हातोडा, आईच्या डोळ्यांत पाणी, फ्रीझ."

पॅरा मी आदल्या दिवशी घोकून घोकून पाठ केला होता. तरी मी खूशच झालो. कमी बोलायचं म्हणजे घरी लवकर जायचं.

कोर्टातली बाकं भरायला आम्ही आसपासच्या गावांतली माणसं आणतो. त्या दिवशीही बस भरून आल्या होत्या, करावे, सारसोळे, आणखी एक-दोन गावं. माणसं पुरवणाऱ्या को-ऑर्डिनेटरला नऊवारीतल्या बायका हव्या होत्या; त्या कुठल्या गावच्या, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. त्यामुळे एका बसमध्ये ज्या गावात हे सगळं घडलं त्याच गावच्या बायका आल्या आहेत, हे आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं. त्यांना मात्र पुरतं माहीत होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी कोर्टाच्या पायरीवर ताट घेऊन बसलो होतो. एक म्हातारी आली आणि शेजारी बसली. लहानखुरी, काटक, गुडघ्यापर्यंतचं लुगडं, हातात ताट नाही.

"तुमीच कं जज?"

"हो आई. म्हणजे, नाटकातला."

"म्हायती हाय. खरा जज मी पायलाय. त्याला टकला नव्हता."

मी हसलो. तिला विचारलं, जेवलात का. तिनं ते ऐकलंच नाही.

"यो खेल माझे पोऱ्याचा हाय," ती म्हणाली. "मी गोमी. साक्ष देनारी."

घास माझ्या हातातच राहिला. ज्या बाईचं काम आमची एक नटी सकाळपासून ग्लिसरीन घालून करत होती, ती खरी बाई माझ्या शेजारी बसली होती. तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

गोमीबाईंनी मग जे सांगितलं ते असं. निकालाच्या दिवशी सगळं गाव कोर्टात लोटलं होतं. न्यायाधीश इंग्रजीत वाचत होते, हळू आवाजात. वर पंखा घरघरत होता. त्यांना एक शब्द कळला नाही. एकदम ठेकेदाराची माणसं ओरडली, एकमेकांना मिठ्या मारायला लागली, आणि सरकारी वकील कागद गोळा करत म्हणाले, "सुटला तो, आई. चला." दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, आईची साक्ष कोर्टानं फेटाळली. कुणीतरी ते नाक्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं. फेटाळली म्हणजे काय, ते ज्यानं त्यानं आपल्या मनानं लावलं. म्हातारी खोटं बोलली, नात्यातल्याला अडकवायला निघाली होती, असं सगळ्यांचं ठरलं.

"आन मी धवलारीन हाय," त्या म्हणाल्या.

मी देशावरचा. मला ते काय हे ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी समजावून सांगितलं, तेच तुम्हालाही सांगतो. या खाडीकाठच्या गावांत लग्न लावते ती धवलारीण. मांडवात बसून ती धवले गाते, देवांना एकेकाचं नाव घेऊन बोलावते, नवरानवरीला तिच्या तोंडून आशीर्वाद मिळतो. गोमीबाईंची आई धवलारीण होती, आजीही. पंचक्रोशीतली कितीतरी लग्नं त्यांनी लावली होती. निकालानंतर एका हळदीत कुणीतरी बोलून गेलं, खोटी साक्ष दिलेल्या तोंडातून देव कसा यायचा? पुन्हा कुणी तसं बोललं नाही. नुसतं बोलावणं थांबलं. लोक रस्त्यात भेटले की बोलायचे, मासळीची देवाणघेवाण चालू होती, आजारपणात चौकशी व्हायची. लग्न आलं की मात्र दुसऱ्या गावाहून धवलारीण यायची.

"मंग मीच गाना सोरला," त्या म्हणाल्या. "घरान पन नाय गात."

"इतक्या वर्षांत कोर्टानं नक्की काय लिहिलं, ते तुम्ही कुणाला विचारलं नाही?"

"कोनाला इचारू? वकील मेला. धाकला पोऱ्या बोलतो, आई, जुना उकरू नको. आन मना पन भ्या वाटाचा. खराच खोटी लिवली असंल तं?"

त्यांनी प्लायवूडच्या भिंतीकडे मान वळवली.

"आज तुमी मराठीन बोलनार हाव, असा गावान कोन तरी बोल्ला. म्हनून आयले. खोटी लिवली असंल तं खोटी. पन माझे कानान आयकाचा हाय."

सकाळी उडवलेला तो पॅरा, मला तोंडपाठ असलेला, त्यात नेमकं हेच होतं. माझ्या जिभेवर आलंच होतं. मी म्हटलं, "आई, मला पाठ आहे ते. आत्ताच सांगू?"

"नको." त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "त्या दिशी सगल्या गावासमोर झाला. आज पन सगल्यांसमोर होउं दे. तुमी खुर्चीन बसून बोला."

काय लिहिलं आहे ते त्यांना माहीत नव्हतं. वाईट असेल अशीच त्यांची जवळजवळ खात्री होती. तरी चारचौघांत ऐकायची तयारी करून ती बाई बसमध्ये चढली होती. मी इतकी वर्षं रंगमंचावर आणि पडद्यावर शूर माणसं पाहिली आहेत, दोन-चार शूर मी स्वतःही वठवले आहेत. त्या पायरीवर मी फार लहान होऊन बसलो होतो.

आधी मी मुक्ताला गाठलं. "तो मधला पॅरा तुझा की कोर्टाचा?"

"कोर्टाचा, काका. मी फक्त मराठीत आणलाय. का हो?"

मी सांगितलं. मग आम्ही दोघं निनादकडे गेलो. त्याचं लक्ष नव्हतं, तो दिवे फिरवून घेत होता.

"सर, पब्लिकचे शॉट झालेत. बस सोडायच्या आहेत. तुमच्या क्लोजअपला समोर कोण कशाला पाहिजे? टेप आहे ना!"

"निनाद, मी आजवर कुठल्या सेटवर काही मागितलं नाही. चहासुद्धा दिला तसा प्यायलो. आज मला समोर माणसं पाहिजेत. आणि तो पॅरा मी म्हणणार. नको असेल तर एडिटला काढून टाक."

"पण का, सर? टेन्शन देऊ नका ना."

मी पायरीकडे बोट दाखवलं आणि ती कोण आहे ते सांगितलं. निनादनं गळ्यातला हेडफोन काढला. लांबूनच तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग तो को-ऑर्डिनेटरला ओरडला, "बस थांबव. सगळ्यांना परत आत घे." आणि मला म्हणाला, "आईंना पुढच्या बाकावर बसवू? की पिंजऱ्याजवळ खुर्ची देऊ?"

गोमीबाई पुढच्या बाकावर बसल्या. मागे त्यांच्या गावच्या बायका, सारसोळ्याच्या बायका, कराव्याचे पुरुष. कॅमेरा माझ्याकडे तोंड करून, म्हणजे ते कुणीच चित्रात येणार नव्हते. असिस्टंटनं दोन्ही स्टँड उचलून बाजूला नेले. बाहेर ट्रेलर थांबवायला निनादनं स्वतः माणूस पाठवला.

मी खुर्चीत बसलो. समोर माणसं होती, आणि त्यांतल्या एकीच्या आयुष्याचं काहीतरी माझ्या तोंडी होतं. जजचा म्हणून मी जो पोटातून आवाज काढतो, तो निघेचना. मी माझ्याच आवाजात, एकेक शब्द सुटा करत बोललो.

"मयताच्या आईने या न्यायालयासमोर जे सांगितले, ते तिने प्रामाणिकपणे सांगितले, असे या न्यायालयाचे मत आहे. तिच्या साक्षीत खोटेपणाचा अंशही दिसत नाही. परंतु घटना पहाटेच्या अंधुक उजेडात घडली आणि साक्षीदार बरीच दूर उभी होती. प्रामाणिक माणसाचीही नजर चुकू शकते. तिच्या साक्षीला दुजोरा देणारा दुसरा पुरावा समोर आलेला नाही. म्हणून संशयाचा फायदा देऊन आरोपीची निर्दोष मुक्तता करण्यात येत आहे."

हातोडा मी उचललाच नाही.

हा टेक तुम्ही पाहिलेला नाही. निनाद त्या पॅरासाठी चॅनेलशी भांडला, पण प्रक्षेपणात शेवटचं एक वाक्य तेवढं राहिलं. मला त्याचं वाईट वाटलं, फार नाही.

गोमीबाई उभ्या राहिल्या. शॉट चालू होता. कुणीही कट म्हटलं नाही.

"परत बोला," त्या म्हणाल्या.

मी साध्या भाषेत सांगितलं, "आई, कोर्टानं लिहिलंय, तुम्ही खरं बोललात."

"खोटी नाय?"

"नाही. कुठंही नाही."

"मंग त्याला सोरला कना?"

"अंधार होता, तुम्ही लांब होतात. कोर्टाला वाटलं, तुमची नजर चुकली असेल."

"माझी नजर नाय चुकली," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता, मला दोष नव्हता. जे होतं ते त्यांनी सांगितलं. न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून मी मान खाली घातली.

"म्हनू दे त्यांना," त्याच पुढे म्हणाल्या. "नजर देवान दिली, ती चुकली बोलतील. तोंड माझा हाय. त्याला खोटा नाय बोलले ना? बास."

असं काही ऐकायला मिळेल आणि तेही प्लायवूडच्या कोर्टात, असं मला सात जन्मांत वाटलं नसतं. ज्या निकालानं मुलाचा खुनी सुटला, त्याच निकालात त्या बाईनं आपलं नेमकं काय होतं ते शोधून उचललं, आणि बाकीचं कोर्टाकडे ठेवून दिलं. आजही ते आठवलं की मी हातातलं काम थांबवतो.

मागच्या बाकावरून एक बाई उठली. चाळिशीची, त्याच गावची. तिचं नाव रंजना, हे नंतर कळलं. तिनं मॉनिटरशेजारी उभ्या असलेल्या मुक्ताला विचारलं, "ओ ताई, यो तुमी टीवीवाल्यांनी लिवलाय, का खऱ्या कोर्टान?"

मुक्ता पुढे आली. "खऱ्या कोर्टानं. मी फक्त मराठी केलंय. त्यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही."

गोमीबाई मागे न बघता तशाच उभ्या होत्या, लुगड्याचा पदर दोन्ही हातांत धरून. रंजना बाकांमधून वाट काढत त्यांच्यापर्यंत आली.

"काकी," ती म्हणाली, "माझे रोशनीचा लगीन ठरलाय. धवलारीन अजून कोनाला सांगली नाय."

गोमीबाईंनी पदर सोडला, खांद्यावरून नीट घेतला आणि मग तिच्याकडे वळल्या.

"हलद कवा हाय?"